बिनसहीची साक्ष

वत्सू,

तुझ्या कॉलेजातल्या शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "आज मॅडम इतिहासजमा झाल्या." हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती, सगळी माना खाली घालून बसलेली. मला हसू आलं. पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि मग खरंच रडू आलं. कारण तू काय म्हणाली असतीस ते मला स्वच्छ ऐकू आलं. "काऊन वं नंदे, इतिहासजमा म्हणजे काय? कोणी जमा केलं? कुठं जमा केलं? दाखव म्हणा ना."

तुला जाऊन अठरा दिवस झाले. सकाळी चहा ठेवलास, गॅसजवळच खाली बसलीस आणि खालच्या मजल्यावरच्या बाई दूध द्यायला वर आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. रमेशदादाचा मला अकोल्याला फोन आला. "विहीणबाई, वत्सी गेली." तुझा मोठा भाऊ मला विहीणबाई म्हणतो, कारण माझी पल्लवी त्याच्या घरात दिली आहे. ते लग्न तूच जमवलंस. तुझा भाचा आणि माझी लेक. "पोट्टा चांगला हाय, अन् पोरगी माह्या डोळ्यासमोर राहीन," असं म्हणाली होतीस. तुझ्या या उपकाराची किंमत तूच चुकती केलीस, हे आज लिहायला बसले तर पेन पुढे सरकत नाही.

राजापेठेतली आपली खोली आठव. शिंप्याच्या दुकानावरची, एक खिडकी, दोन खाटा. तू वलगावच्या पुढच्या गावातली, मी शेंदूरजनाघाटची. दोघींच्या घरी शेती, दोघींच्या घरी हाच प्रश्न की पोरगी एम. ए. करून काय करणार, तेही इतिहासात. खाली मशीन चालायची तशी आपली जमीन थरथरायची. त्या थरथरीतच मी पहिल्या पेपरची व्याख्या पाठ करत होते: इति, ह, आस, असे निश्चितपणे घडले, म्हणजे इतिहास. तू भिंतीला टेकून गिलावडा खात होतीस. दही बोटावरून चाटत म्हणालीस, "निश्चितपणे कुठून आणलं?"

"त्या 'ह'चा अर्थ आहे तो."

"मंग तो 'ह' कोण म्हणून रायलं? झालेलं तं झालं. पण 'असंच झालं' म्हणाले कोणीतरी माणूस पायजे ना? तो माणूस कोण, तो खरं बोलते की खोटं, त्याचं पोट कोणाच्या घरी भरते? माह्यासाठी पेपर तिथून सुरू होते."

मी म्हटलं, परीक्षेत हे चालणार नाही. तू म्हणालीस, आपण वऱ्हाडी माणसं, तसाही 'ह' खातो. आमी म्हणतो, तुमी म्हणतो, अन् आमचे पोट्टे तं 'इतिआस'च म्हणतात. मग किती हसलो दोघी! त्याच आठवड्यात सरांनी वर्गात सांगितलं की ग्रीकांच्या भाषेत या विषयाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ चौकशी असा होतो. तू वहीत लिहिलंस: चौकशी नाही, विचारपूस. आणि मला कोपराने ढोसून वही दाखवलीस. झालेलं सांगणं एकीकडे, जाऊन विचारणं दुसरीकडे. मी झालेलं सांगायच्या बाजूला गेले, तू विचारायच्या. आपलं सगळं आयुष्य तसंच गेलं.

मी अकोल्यात लग्न होऊन आले, शाळेत नववी-दहावीला लागले, पुढे इतिहासाची गाइडं लिहायला लागले. 'इतिहास म्हणजे काय?' दोन गुण, चार ओळी. ते गाइड तू कधी हातात घेतलं नाहीस. पण पल्लवी झाली तेव्हा पंधरा दिवस माझ्याकडे येऊन राहिलीस. लेकरू धरायचं कसं हेही तुला ठाऊक नव्हतं, तरी रोज तिला पायावर घेऊन आंघोळ तूच घालायचीस आणि पाणी डोळ्यांत गेलं की तिचीच माफी मागायचीस. तुला लग्न करायचं नव्हतं, केलं नाहीस. अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवलास आणि रविवारी बसने गावोगाव हिंडून म्हाताऱ्या माणसांना विचारत राहिलीस. कोणती वाट बंद झाली, कोणतं पीक गेलं, बाजाराला पायी जाताना बायका कुठे थांबायच्या. वह्या भरल्यास. छापलं कोणी नाही.

मग तुझ्या गावाने ठरवलं की भर वस्तीतली जुनी विहीर बांधून काढायची, तिच्यावर फलक लावायचा आणि गावाच्या इतिहासाची एक स्मरणिका काढायची. लिहायला दुसरं कोण होतं? गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तू रागावशील, बिननावाचा इतिहास कसला म्हणशील. पण माझी लेक तिथे नांदते आहे.

विहीर तुझ्या पणजोबांनी गावासाठी खोदली, असं सगळे मानत होते. तूही. एम. ए.च्या दिवसांत ती मला दाखवायला घेऊन गेलीस तेव्हा तुझी मान ताठ होती. फक्त जुन्या जमिनीच्या कागदात ती जागा 'माळ्याची वाडी' अशी सापडली आणि तुला ते खटकलं. म्हणून आपण जानकामायकडे गेलो. नव्वदीची माळीण, मुलाच्या मळ्यात राहणारी. हरभरा घाट्यावर आला होता. ती बांधावर बसून सांबाराच्या जुड्या बांधत होती, ओल्या कोथिंबिरीच्या वासाने सगळा बांध भरला होता. तू फोन काढलास तर म्हणाली, "त्या डबीत नको. लिवून घे."

तू विचारलंस, ती जुडी बांधता बांधता बोलत गेली.

"इहीर माह्या आज्यानं खंदली. तो अन् त्याचे दोघं भाऊ. दुसऱ्या कोणाचा हात नाई लागला. धाकला आत होता अन् दरड आली. दोन दिस उकरलं, मंग पाणी लागलं."

"अन् तो?" तू विचारलंस.

"तो तिथंच हाये."

पुढचं तिने त्याच आवाजात सांगितलं. वाळल्या सालात ते लोक पोट भरायला बाहेर गेले. पाऊसपाणी झाल्यावर परत आले तर वाडीत तुझ्या पणजोबांचा वखर चालला होता. तुम्ही परतत नाही असं वाटलं, म्हणाले. नंतर तेच माळी त्याच वाडीत बटईने राहिले. "आमी त्या इहिरीत बादली टाकतानी हात जोडतो," जानकामाय म्हणाली. "तुमच्या घरचे नाई जोडत. त्याइचा दोष नाई, त्याइले माईतच नाई."

तुझा पेन थांबला होता. तिने वर पाहिलं. "तू कोणाची पोरगी हायस थे मले माईत हाय. म्हणून तं तुले सांगून रायलो."

तू अंगठा मागितलास. ती नाही म्हणाली. "माह्या बापानं एकदा दिला होता अंगठा. तेवढा पुरे." मग तू मजकुराखाली रेघ ओढलीस, बाजूला 'साक्षीदार' लिहिलंस आणि वही माझ्याकडे दिलीस. तेवढ्यात रस्त्यावर बस दिसली. मी म्हटलं, "नंतर करते वं, ही गेली तं दीड तास बसा लागन." आपण पळालो. खरंच बस होती, वत्सू. त्या वेळी माझ्या मनात काही नव्हतं.

तीन महिन्यांनी जानकामाय गेली.

तू प्रकरण लिहिलंस आणि आधी रमेशदादाला वाचायला दिलंस. तो ओरडला नाही. वाईट माणूस नाही तो. एवढंच म्हणाला, "वत्से, पणजोबा तुहे बी व्हते." तू म्हणालीस, "हो ना दादा. म्हणूनच मी लिवलं, दुसऱ्या कोणी लिवाच्या आधी." पण गोष्ट गावात पसरली. ग्रामसभा बोलावली गेली, शाळेच्या अंगणात. जानकामायचा मुलगा महादेव मागे बसला होता. त्याला विचारलं तर तो उभा राहिला आणि म्हणाला, "मले काई माईत नाई." खाली बसताना त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याला याच गावात भाजी पिकवायची होती.

मग रमेशदादा माझ्याकडे वळला. "विहीणबाई, तुमी त्या दिवशी वत्सीसंगं होत्या. म्हातारी असं बोलली का? तुमी बाहेरच्या. तुमी सांगान थे आमी मानू."

पल्लवीचं साक्षगंध होऊन महिना झाला होता. पत्रिका छापायला गेल्या होत्या. अंगणात शे-दीडशे माणसं, त्यात उद्याची तिची सासू, तिचे दीर, तिच्या आत्तेसासवा. दादाने काही धमकी दिली नव्हती, कोणी डोळे वटारले नव्हते. फक्त सगळे वाट बघत होते.

मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही."

'नीट' हा शब्द मी मुद्दाम घातला. त्यात मी माझ्यापुरती थोडी जागा ठेवली होती, असं वाटलं तेव्हा.

तू माझ्याकडे पाहिलंस. राग असता तर बरं झालं असतं. एखादी हुशार पोरगी पेपर कोरा ठेवून उठली की तू जशी बघायचीस, तसं पाहिलंस. मग टेबलावरचे आपले कागद उचललेस आणि पिशवीत घातलेस. स्मरणिका त्या प्रकरणाशिवाय निघाली. फलकावर पणजोबांचं नाव लागलं.

परतताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. वलगाव गेलं. तू पिशवीतून संत्रं काढलंस, सोललंस, अर्धं माझ्या हातावर ठेवलंस. "खाय. सकाळपासून उपाशी हायस." एवढंच. तू मला शिवी द्यायला हवी होतीस गं. तेवढीही मदत केली नाहीस.

लग्नात तू आत्याचा सगळा मान घेतलास, पल्लवीच्या डोक्यावर अक्षता टाकताना रडलीस. त्या विषयावर आपण पुढे फक्त एकदा भांडलो, फोनवर, आणि सुरुवात मीच केली. मनात खुपत होतं म्हणून. म्हटलं, "तू छापलं असतं तं काय झालं असतं? महादेवला वाडी परत भेटली असती?"

"नाई."

"त्या गावातलं कोणी बदललं असतं?"

"नाई, काऊन बदलतीन?"

"मग कायसाठी वत्सू? कोणाचं भलं होते या इतिहासानं?"

"तो माणूस त्या इहिरीत हाये नंदे," तू म्हणालीस. "बस. भलंबिलं मले माईत नाई."

मी यावर काहीतरी बोलले. व्यवहाराचं, शहाणपणाचं. काय बोलले ते मात्र आता खरंच आठवत नाही.

दरम्यान तुझ्या कॉलेजात इतिहासाची तुकडी बंद झाली. शेवटच्या वर्षी चार मुलं होती, त्यातली दोन स्पर्धा परीक्षेसाठी आलेली. तुला पर्यावरणाचा पेपर शिकवायला दिला आणि ग्रंथालयाच्या नोंदी करायला लावलं. तू तक्रार केली नाहीस. पण तुझा आवाज लहान होत गेला. गावोगावचे रविवारही थांबले. "आता विचाराले माणसंच उरले नाई," म्हणायचीस, "अन् जे हायेत थे टीव्हीत पाह्यलेलं सांगतात."

दोन महिन्यांपूर्वी मी तुझ्याकडे आले, ते आपलं शेवटचं. तू दार उघडलंस, मला टेबलाशी बसवलंस आणि चहा करायला आत गेलीस. टेबलावर ती वही होती. त्याच पानावर उघडलेली. जानकामायचं सगळं बोलणं तुझ्या बारीक अक्षरात, खाली रेघ, 'साक्षीदार', आणि रेघ रिकामी. शेजारी पेन. टोपण काढून ठेवलेलं.

आत तू चहा फार वेळ करत राहिलीस. दोन कप चहाला इतका वेळ लागत नाही हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं. मी पान वाचलं. एकेक शब्द आठवला, सांबाराच्या वासासकट. हात उचलला होता मी, वत्सू, हे खोटं नाही सांगत. पण डोळ्यांसमोर पल्लवी आली, कडेवर तिची वर्षाची पोर, आणि तुझ्या घराचं अंगण. म्हटलं, घाई काय आहे, वत्सू कुठे जाते आहे.

तू चहा घेऊन आलीस. रेघेकडे पाहिलंस, पेनाचं टोपण लावलंस, वही मिटवली आणि विचारलंस, "नात कशी हाय?" मी उत्साहाने सांगत बसले. तिला दात किती आले, काय बोलते. तू हसत होतीस. निघताना जिन्यापर्यंत आलीस आणि माझ्या खांद्यावरचा धागा काढून टाकलास.

तेराव्याला रमेशदादा सगळ्यांसमोर बोलला. म्हणाला, आमच्या पणजोबानं गावाले पाणी पाजलं अन् आमच्या वत्सीनं गावाचे लेकरं शिकवले. लोकांनी डोळे पुसले. मी तिथेच, दुसऱ्या रांगेत होते. पुन्हा गप्प बसले. आता तर कोणी विचारतही नव्हतं.

जेवणं झाल्यावर त्याने एक पिशवी आणून दिली. "वत्सीच्या खोलीत ह्या वह्या भेटल्या. तुमच्या कामाच्या असन तं न्या, नाई तं घरातले पोट्टे फाडतीन." ती वही सगळ्यांत वर होती. त्याने उघडूनही पाहिली नव्हती. भ्यायचं कारणच उरलं नव्हतं त्याला.

संध्याकाळी पल्लवीला मागच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ती पोरीला थोपटत ऐकत राहिली. तिचं तुझ्यावर किती प्रेम होतं तुला माहीत आहे. शेवटी म्हणाली, "आई, तू तं तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं होतं की आठवत नाई."

"खोटं बोलले होते."

"मंग आता खरं बोलून रायली, हे मी कसं समजू?" ती टोचून बोलली नव्हती. खरंच विचारत होती. आणि मग हळूच, "आता कायले आई? आत्या तं गेली."

तरी मी काल ग्रामपंचायतीत गेले. एकटीच, अकोल्याहून दोन बस बदलून. ग्रामसेवक तरुण आहे, सभ्य आहे. मी त्या ग्रामसभेचं प्रोसिडिंग पाहायला मागितलं, त्याने जाड रजिस्टर काढून पान शोधून दिलं. त्यात माझं नाव आहे, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. पुढे लिहिलं आहे की सदर महिला प्रत्यक्ष हजर होत्या असे सांगण्यात येते, परंतु अशी कोणतीही हकिकत आपणास आठवत नाही असे त्यांनी सभेपुढे सांगितले. माझा 'नीट' कुठेच नाही. आणि खाली माझी सही आहे. त्या दिवशी रजिस्टर फिरवत आणलं असणार आणि मी केली असणार. त्या सहीच्या वेळी मला बसची घाई नव्हती.

मी अर्ज लिहून नेला होता. त्याने वाचला, दोनदा वाचला. "आवक करून घेतो बाई," म्हणाला, "पण मंजूर झालेल्या प्रोसिडिंगमध्ये बदल होत नाही. अन् तुमच्या अर्जाला आधार काय लावू?" मी वही पुढे केली. त्याने पान पाहिलं आणि आदराने परत दिलं. "ह्याच्यावर तं कोणाची सहीच नाही."

घरी येऊन मी त्या रेघेवर सही केली, वत्सू. खाली तारीख टाकताना वाटलं, त्या दिवसाची टाकावी, हरभऱ्याच्या दिवसांतली. कोणाला कळणार होतं? नाही टाकली. आजची टाकली. इतकी वर्षं उशिराची, तुझ्यामागची, आणि म्हणून जवळजवळ निकामी. तुझ्याशी एवढं तरी खरं वागायचं होतं.

तू वर्गात साधनांची चिकित्सा शिकवायचीस. मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकलं होतं. दोन कागद समोर असले तर घटनेच्या जवळचा कोणता ते बघा, चारचौघांत झालेला कोणता, सही कोणत्यावर आहे, तीच व्यक्ती नंतर उलट बोलली तर का बोलली. मुलं भराभर लिहून घेत होती. समज, खूप वर्षांनी अशी कोणी मुलगी त्या गावात आलीच. तिच्यासमोर दोन कागद येतील. एक सरकारी रजिस्टर, भर सभेतलं, त्याच दिवशी सही झालेलं. दुसरी एका मेलेल्या बाईची वही, जिच्यावरची एकुलती एक साक्ष ती बाई गेल्यावर, साक्षीदाराने स्वतःचंच आधीचं बोलणं मोडून केलेली. ती मुलगी प्रामाणिक असेल, तू शिकवलंस अगदी तसं दोन्ही कागद तपासेल, आणि माझं रजिस्टरातलं वाक्य खरं धरेल. तिचं काही चुकलेलं नसेल.

तुझी,
नंदा